लाकडी वाट टिकते कशी : डहाणू-तलासरीच्या संदर्भात

जमिनीवर भराव न घालता आणि तिच्यावरून वाहणारे पाणी न अडवता माणसाला पलीकडे नेण्याचे जे थोडे उपाय बांधकामशास्त्राला ठाऊक आहेत, त्यांत खांबांवर उचललेली फळ्यांची वाट हा फार जुना उपाय आहे. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही फळ्यांची पायवाट इसवी सनापूर्वी ३८०७ किंवा ३८०६ मध्ये बांधली गेली, असे तिच्या लाकडातील वार्षिक वलयांवरून निश्चित झाले आहे. कोकणातील ओहोळांवर टाकले जाणारे साकव हे याच कुळातले बांधकाम होय. दोन काठांवर टेकवलेले ओंडके, त्यांवर आडव्या बांधलेल्या फळ्या किंवा बांबू आणि हाताला आधार म्हणून एक काठी, एवढ्या सामग्रीवर कित्येक पाडे पावसाळाभर बाहेरच्या जगाशी जोडलेले राहत. आजचे साकव बहुतांशी काँक्रीटचे झाले असले, तरी जिथे जमीन मऊ आहे, जिथे झाडांची मुळे उघडी आहेत किंवा जिथे वाळू सतत हलते, तिथे लाकडी वाटेला अजूनही सहजासहजी पर्याय मिळत नाही.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत अशा जमिनीचे जवळजवळ सर्व प्रकार एकत्र आढळतात. पश्चिमेला चिंचणी, डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी आणि झाई असा किनारा आहे. खाड्यांच्या काठी तिवरांची कांदळवने, किनाऱ्यालगत सुरूची बने, त्यांच्या मागे चिकूच्या वाड्या आणि पूर्वेकडे सागाच्या जंगलांनी झाकलेल्या टेकड्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर खंबायतचे आखात जवळ असल्यामुळे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर सुमारे पाच मीटरपर्यंत जाते. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर त्याच वर्षी येथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. भराव घालून, काँक्रीट ओतून रस्ता काढणे येथे केवळ गैरच नव्हे, तर अनेक ठिकाणी बेकायदाही आहे.

हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ज्या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाचा प्रायोगिक दर्जा मिळाला, त्यांत श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर यांच्याबरोबर डहाणूचा पारनाका किनाराही आहे. या मानांकनाच्या ३३ निकषांमध्ये पाण्याची शुद्धता आणि स्वच्छता यांच्याबरोबरच अपंग व्यक्तींना किनाऱ्यापर्यंत पोहोचता यावे, ही अपेक्षाही आहे. चाकाची खुर्ची वाळूत रुतते. तेव्हा किनाऱ्यावर कोठेतरी टणक, सपाट आणि वाळूच्या थोडी वर उचललेली वाट करावीच लागते. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे १८७० मध्ये पहिली मोठी किनारी फळीवाट झाली, ती पर्यटकांच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत वाळू येऊ नये म्हणून. महाराष्ट्रात ऐरोली येथे ठाणे खाडीच्या काठी, राज्याच्या कांदळवन कक्षाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, कांदळवनातून नेलेली उंच पायवाट आहे. आणि मुंबईत मलबार हिलच्या झाडीतून नेलेला ४८५ मीटर लांबीचा आणि २.४ मीटर रुंदीचा लाकडी मार्ग ३० मार्च २०२५ रोजी लोकांसाठी खुला झाला. अशी वाट डहाणूच्या खाडीकाठी किंवा तलासरीच्या एखाद्या जंगलपट्ट्यात बांधायची झाली, तर ती कशी बांधावी हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

रचनेच्या दृष्टीने लाकडी वाटेचे चार थर असतात. जमिनीत रोवलेले खांब सर्व भार खाली नेतात. खांबांच्या जोड्यांवर आडव्या बसवलेल्या तुळया तो भार खांबांना देतात. तुळयांवर वाटेच्या लांबीच्या दिशेने ठरावीक अंतरावर कड्या टाकलेल्या असतात. आणि कड्यांवर, चालण्याच्या दिशेला काटकोनात, फळ्या बसवलेल्या असतात. फळ्या काटकोनात बसवण्याचे कारण असे की त्या वाटेच्या लांबीने बसवल्यास त्यांच्या फटीत सायकलचे किंवा खुर्चीचे चाक अडकते. कठडा हा पाचवा भाग. तो साधारण १.१ मीटर उंच असावा आणि त्याच्या गजांमधून लहान मूल निसटणार नाही, इतके ते जवळ असावेत. सामान्य माणसाच्या डोळ्यांत भरते ती फळी आणि कठडा. वाटेचे आयुष्य मात्र ठरते ते खांबाच्या बुंध्याशी आणि कडी व फळी जिथे एकमेकींना टेकतात त्या अंधाऱ्या जागी.

भाराचा विचार करताना पहिली अडचण गर्दीची असते. पादचारी मार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत दर चौरस मीटरला ४०० किलो, आणि गर्दी होण्याचा संभव असेल तिथे ५०० किलो भार धरला जातो. दोन मीटर रुंदीच्या वाटेवर याचा अर्थ दर मीटर लांबीला एक टन असा होतो. एखाद्या शांत कांदळवनात हा आकडा अवास्तव वाटेल; परंतु चैत्रात विवळवेढे येथे भरणारी महालक्ष्मीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भागातील गर्दी किती दाट होऊ शकते याची कल्पना असते. सूर्यास्त पाहण्यासाठी किंवा एखादा पक्षी दिसला म्हणून सर्व माणसे एकाच कठड्याकडे धावतात, तेव्हा भार केवळ वाढत नाही, तो एका बाजूला सरकतो. म्हणून रुंदी वाढवलेल्या थांब्याच्या जागा, म्हणजे ज्यांना हल्ली डेक म्हणतात त्या, उर्वरित वाटेपेक्षा अधिक मजबूत धरणे भाग असते.

वाहनाचा भार याहून वेगळ्या जातीचा असतो, आणि येथेच बहुतेक लाकडी वाटा फसतात. माणसांची गर्दी आपले वजन सर्वत्र पसरवते; चाक मात्र ते सर्व तळहाताएवढ्या जागेवर ठेवते. मासळीच्या टोपल्या आणि बर्फ नेणारा छोटा टेम्पो, रुग्णवाहिका, कचरा उचलणारी गाडी किंवा वृद्धांना किनाऱ्यापर्यंत आणणारी विजेवरची गाडी यांपैकी कोणतेही वाहन वाटेवर येणार असेल, तर ते आधीच ठरवले पाहिजे. ढोबळ गणित असे की ४५० मिलिमीटर अंतरावरच्या कड्यांवर ठेवलेली १०० मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर जाड सागाची फळी माणसाचे वजन आरामात पेलते. पण एका चाकाखाली एक टन आला, तर १५० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड फळीतील ताणसुद्धा ओल्या सागाच्या सुरक्षित मर्यादेपलीकडे जातो. ७५ मिलिमीटर जाडी दिली की तीच फळी निर्धास्त होते, कारण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कड्यांमधील अंतर ६०० वरून ४५० मिलिमीटर केले, तर एकाच जागी पडणाऱ्या भाराखाली फळी पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी लवते. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या वाटेवर ‘अधूनमधून एखादी गाडी’ जाऊ देणे ही तडजोड करू नये. एक तर वाट आरंभापासून वाहनासाठी बांधावी, वजनाची मर्यादा फलकावर लिहावी आणि वाहनाची चाके ज्या रेषेत जातील तिथे कड्या दाट टाकाव्यात, नाहीतर दोन्ही टोकांना वाहन शिरणारच नाही असे खुंट रोवावेत.

लाकूड कोणते वापरावे, या प्रश्नाला डहाणूत राहणारा माणूस एका शब्दात उत्तर देईल, आणि ते उत्तर बव्हंशी बरोबरही असेल. सागाच्या गाभ्याच्या लाकडात वाळवीला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्ये नैसर्गिकपणे असतात, ते सुकताना फारसे आकसत नाही, आणि पाण्याशी वारंवार संबंध आला तरी पीळ खात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि आजही ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत पाहायला मिळते. म्यानमारमधील अमरपुरा येथे तळ्यावरून जाणारा सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा ऊ बेन पूल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जुन्या राजवाड्याच्या सागापासून उभारला गेला आणि आजही वापरात आहे, जरी त्याचे काही कुजलेले खांब पुढे काँक्रीटचे करावे लागले. परंतु हे सर्व गुण केवळ गाभ्याच्या तपकिरी लाकडाचे आहेत. सालीलगतचा पांढरट थर, ज्याला शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, तो सागाचा असला तरी वाळवीला आंब्याच्या फळीइतकाच प्रिय असतो. आणि विरळणीत तोडलेल्या कोवळ्या, बारीक घेराच्या सागात या थराचे प्रमाण मोठे असते. बाजारात ‘साग’ म्हणून घेतलेली फळी दोन पावसाळ्यांत कुजली, तर दोष सागाचा नसून फळीच्या कडेला राहिलेल्या या पांढऱ्या पट्टीचा असतो. म्हणून लाकडाची निवड करताना जातीच्या नावापेक्षा फळीचा छेद पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

साग हा एकमेव पर्याय नाही. या भागातील जंगलात ऐन, धावडा, बिबळा, हेद, कळंब, तिवस अशी अनेक कठीण लाकडे आहेत. ऐन आणि धावडा यांची ताकद सागाहून अधिक भरते, पण सुकताना ते चिरतात आणि पीळ खातात, म्हणून त्यांचा उपयोग फळीपेक्षा कडी-तुळईसाठी, तोही सावकाश सावलीत सुकवून केल्यास, अधिक समाधानकारक होतो. भारतीय मानक ८८३ मध्ये बांधकामाच्या लाकडाचे ताठपणानुसार तीन गट केले आहेत. त्यात साल वरच्या गटात आणि साग मधल्या गटात येतो. साग सर्वांत ताकदवान आहे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तो सर्वांत भरवशाचा आहे, एवढेच खरे. किनाऱ्यावर सर्वत्र दिसणाऱ्या सुरूचे सोट स्वस्त आणि सरळ असतात, परंतु प्रक्रिया न करता मातीत गाडले तर ते फार काळ टिकत नाहीत. त्यांची खरी जागा वारा आणि वाळू अडवणाऱ्या उभ्या बनातच आहे.

या लाकडामागे एक इतिहास आहे आणि तो सांगितल्यावाचून डहाणूच्या सागाविषयी लिहिणे प्रामाणिक ठरणार नाही. १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पूर्ण झाल्यावर या जंगलांतील लाकूड मोठ्या बाजारपेठांच्या आवाक्यात आले, आणि कूप तोडण्याचे, ओंडके ओढण्याचे व वाहण्याचे काम प्रामुख्याने वारली आणि इतर आदिवासी मजुरांच्या माथी पडले. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे १९४५ मध्ये झालेल्या परिषदेनंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला वारल्यांचा लढा वेठबिगारीविरुद्ध होता, तसाच तो गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठीही होता. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना जे अधिकार दिले, ते येथील कोणत्याही लाकूडकामाच्या आधी विचारात घ्यावे लागतात. आदिवासी खातेदाराच्या मालकीचे झाड विकत घेण्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे; आणि तोडीची परवानगी, वनखात्याच्या हातोड्याची खूण व वाहतूक परवाना यांशिवाय सागाचा एकही ओंडका कायदेशीरपणे जागचा हलत नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या वाटेला तरी निनावी लाकूड लागू नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे, म्हणजे पाण्याकडे, वळता येईल. लाकूड पाण्याने कुजत नाही. ते ओल टिकून राहिल्याने कुजते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून अधिक ओलावा, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी लागतात. पूर्ण पाण्याखाली बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते बुरशीपासून वाचते. भिजून लगेच सुकणाऱ्या लाकडात ओलावा टिकत नाही, म्हणून तेही वाचते. मरते ते अर्धवट ओले लाकूड : जमिनीच्या पातळीवरचा खांबाचा बुंधा, कडीच्या माथ्यावर पालापाचोळा साचलेली फट, स्क्रूच्या डोक्याभोवतीचा खड्डा, आणि फळीचे कापलेले टोक, जिथून पाणी लाकडाच्या नलिकांत सरळ शिरते. वारली घराच्या रचनेत ही जाण पूर्वीपासून दिसते. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात यासाठी छप्पर पुढे काढलेले असते. वाटेला छप्पर नसते, म्हणून तिथे प्रत्येक सांध्यालाच स्वतःचा निचरा द्यावा लागतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा. नीट सुकवलेल्या फळ्यांमध्ये सहा ते आठ मिलिमीटरची फट सोडावी. उन्हाळा आणि पावसाळा यांदरम्यान १४५ मिलिमीटर रुंदीची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटरने फुगते आणि आकसते, त्यामुळे फट त्याहून लहान ठेवली तर पहिल्याच पावसात फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. कडीच्या माथ्यावर, फळी ठेवण्यापूर्वी, पाणी न शोषणारी जाड पट्टी घालावी, कारण फळी बदलणे सोपे असते आणि कडी बदलणे अवघड. जोडतुळई दोन फळ्या एकमेकींना चिकटवून करण्यापेक्षा त्यांच्यात बोटभर अंतर ठेवून करावी. खांब थेट मातीत गाडण्यापेक्षा जमिनीवर थोड्या उंचीपर्यंत आलेल्या काँक्रीटच्या पायावर, धातूच्या बैठकीवर, अधांतरी उभा करावा. आणि ओले लाकूड वापरू नये. पावसाळ्यात खरेदी करून पावसाळ्यातच बसवलेल्या फळ्या जानेवारीत आकसून इतक्या फटी पाडतात की त्यात चप्पल अडकते. या सूचनांत खर्चिक असे काहीच नाही, तरीही बहुतेक कामांत नेमक्या याच गोष्टी सुटतात, कारण काम पूर्ण झाल्याच्या दिवशी त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ज्या लाकडात नैसर्गिक टिकाऊपणा नाही, त्याला रासायनिक प्रक्रिया करावी लागते, आणि या विद्येत भारताचा वाटा मोठा आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे जे मिश्रण पुढे जगभर वापरले गेले, ते सोंती कामेसन यांनी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ मध्ये शोधले. बंद टाकीत लाकूड ठेवून आधी हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाने द्रावण आत घुसवायचे, या पद्धतीने ते लाकडात खोलवर बसते; नुसते ब्रशने लावलेले औषध कातडीपुरतेच राहते. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे २००३ नंतर अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी या मिश्रणाचा उपयोग थांबला, आणि जिथे मुले हात लावणार, जिथे खाली खेकडे आणि मासळी वाढणार, तिथे आर्सेनिक नसलेले तांब्याचे किंवा बोरॉनचे पर्याय निवडणे शहाणपणाचे आहे. बोरॉनचे क्षार मात्र पावसात विरघळून निघून जातात, म्हणून ते उघड्यावर एकट्याने पुरत नाहीत. रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्त मिळतात म्हणून बागेत आणि वाटांवर वापरण्याची प्रथा आहे. त्यांना पाजलेले क्रिओसोट हे डांबरजन्य तेल त्वचेला घातक असल्याने सार्वजनिक जागी ते वापरू नयेत.

खारा वारा लाकडापेक्षा लोखंडाचा अधिक मोठा शत्रू आहे. किनाऱ्यावर साधा खिळा काही वर्षांत गंजून त्याच्याभोवतीचे लाकूड काळे आणि ठिसूळ करतो. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट अधिक काळ तग धरतो. पण भरतीच्या तुषारांच्या टप्प्यात ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलशिवाय भरवसा ठेवता येत नाही. खिळ्यापेक्षा स्क्रू बरा, याचे कारण केवळ पकड हे नाही. स्क्रू उलटा फिरवून फळी न फोडता काढता येते, आणि जी वाट दुरुस्त करायची आहे तिच्यात हा गुण सर्वांत मोठा. धाकटी डहाणू किंवा झाईच्या मांगेला मच्छीमारांच्या लाकडी होड्या दर हंगामाला किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांचे सांधे पाहिले जातात, लाकडाला तेल पाजले जाते. खाऱ्या पाण्यातले लाकूड वर्षातून एकदा तपासलेच पाहिजे, हे या समाजाला कोणत्याही मानकाची वाट न पाहता ठाऊक आहे.

कांदळवनात वाट नेणे हा या सर्व कामातील नाजूक भाग. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून झाड हवा घेते. त्यांवर माती पडली, ती तुडवली गेली किंवा त्यांच्याकडे येणारा भरतीचा प्रवाह अडला, की झाड हळूहळू गुदमरते. म्हणून येथे अवजड यंत्र चिखलात उतरवू नये. एका टप्प्याचे खांब रोवून त्यावर फळ्या टाकाव्यात आणि त्याच फळ्यांवर उभे राहून पुढचा टप्पा बांधावा. वाट अरुंद असावी, झाड चुकवून वळावी, आणि तिचा तळ उधाणाच्या पातळीच्या वर असावा. भरतीच्या पट्ट्यात टेरेडो नावाचा, शिंपल्यांच्या कुळातला, अळीसारखा दिसणारा जीव लाकूड आतून पोखरतो. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि एके दिवशी मोडतो. या पट्ट्यात साग, साल किंवा प्रक्रिया केलेले लाकूड यांपैकी कशाचाही हट्ट न धरता खांब काँक्रीटचे घ्यावेत आणि लाकूड पाण्याच्या वर वापरावे. कायद्याच्या दृष्टीने, २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवनातील पायवाटांना मंजूर आराखड्यातील निवडक पट्ट्यांपुरतीच, जनसुनावणीनंतर, जागा ठेवली आहे. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाच्या तोडीवर व त्याभोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामावर घातलेली बंदी सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाच्या परवानगीशिवाय उठत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांच्या मालिकेने हादरवले, त्यामुळे या दोन तालुक्यांत भूकंपाचा विचार टाळता येत नाही. भूकंपाचा जोर बांधकामाच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. लाकडी वाट हलकी असल्याने आणि तिचे बोल्टचे सांधे थोडे हलू शकत असल्याने ती दगडी किंवा काँक्रीटच्या वाटेपेक्षा सुरक्षित ठरते, मात्र त्यासाठी उंच खांबांना तिरकस आधार हवेत आणि तुळई खांबावर नुसती ठेवलेली नसून बांधलेली हवी. वादळात धोका उलट दिशेने येतो. लाटा खालून फळ्यांना उचलतात. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले तेव्हा उधाणाच्या लाटांची ताकद सर्व कोकणाने पाहिली. फळ्यांमधील फटी येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात, कारण त्यांतून पाण्याचा आणि हवेचा दाब निसटतो.

राहिला प्रश्न घसरण्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतील फळीवर आठवड्याभरात शेवाळ धरते आणि ती काचेसारखी गुळगुळीत होते. फळीवर खाचा पाडल्याने घसरण कमी होते असे मानले जाते, पण खाचांत माती आणि शेवाळ बसल्यावर फायदा उरत नाही; त्यापेक्षा ठरावीक अंतरावर बसवलेल्या खरखरीत वाळूच्या पट्ट्या आणि ताठ ब्रशने केलेली नियमित सफाई अधिक खात्रीची. उतार बारात एकापेक्षा अधिक तीव्र नसावा, दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढी रुंदी निदान काही ठिकाणी असावी, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून उभी पट्टी असावी. लाकूड आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांची हल्ली जाहिरात होते. त्या कुजत नाहीत हे खरे, पण उन्हात फार तापतात, उष्णतेने लांबतात, आणि त्यांवर कडी-तुळईचे काम सोपवता येत नाही. अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या किनाऱ्यावर लाकूडच बरे.

अशी वाट बांधण्याचे कौशल्य या तालुक्यांत आधीच आहे. सुतार आहेत, होडी बांधणारे आहेत, जंगलातील लाकडाची पारख असलेली माणसे आहेत. नसते ती पुढच्या वर्षांची तरतूद. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर, वाटेची खालून तपासणी व्हावी, खांबाच्या बुंध्यात आणि कडीच्या माथ्यात टोचा खुपसून मऊ लाकूड शोधावे, पाचोळा काढावा, सैल स्क्रू आवळावेत आणि खराब फळी त्याच आठवड्यात बदलावी, एवढे हे काम आहे. त्यासाठी लागणाऱ्या जादा फळ्या मूळ कामाबरोबरच, त्याच लाकडाच्या आणि त्याच मापाच्या, घेऊन ठेवाव्या लागतात, आणि जवळच्या गावातील एखाद्या सुताराकडे किंवा बचत गटाकडे ही जबाबदारी मोबदल्यासह, लेखी द्यावी लागते. पारनाक्यासाठी किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यासाठी लाकडी वाटेची निविदा काढणाऱ्या नगरपरिषदेने, ग्रामपंचायतीने आणि खात्याने तीत किमान दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च दाखवावा. तो दाखवण्याची तयारी नसेल, तर तिथे लाकूड लावू नये, साधी मुरमाची वाट ठेवावी.